रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर आणि आपली वाचनाभिरुची

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



सालाबादप्रमाणे आजच्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाला, शिष्यवृत्त्यांची यादी वाचून झाली आणि हिशेबही मंजूर झाले. अशा प्रसंगी वक्त्याने ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर अथवा शिक्षणाच्या महत्त्वावर बोलावे, अशी आपल्याकडची रीत आहे. ती रीत थोडी बाजूस ठेवून आम्ही आज रहस्यकथांविषयी बोलणार आहोत, हे ऐकून काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावल्या असतील. त्यांत त्यांचा दोष नाही. रहस्यकथा ही पाठ्यपुस्तकाच्या आत दडवून वाचण्याची वस्तू, असाच संस्कार आपणां सर्वांवर झालेला आहे. तथापि हा विषय निवडण्यास एक तातडीचे कारण घडले आहे. ते प्रथम सांगतो.

आपल्या संघाच्या वाचनालयातील दोन जुनी कपाटे रिकामी करावी, त्यांतील जीर्ण पुस्तके रद्दीस द्यावी आणि त्या जागी स्पर्धापरीक्षांची पुस्तके ठेवावी, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. सूचना करणारांचा हेतू चांगला आहे. आपल्या मुलामुलींना त्या पुस्तकांची गरज आहे, हेही खरे. परंतु त्या कपाटांत जी पुस्तके आहेत त्यांत रहस्यकथा पुष्कळ आहेत आणि त्यांच्या वेष्टनावर ज्या लेखकाचे नाव वारंवार दिसते ते नाव आपल्या गावकुसापासून फार दूरचे नाही. बाबूराव अर्नाळकर हे ते नाव होय.

अर्नाळा म्हटले की आपणांस वैतरणेच्या मुखाशी असलेले बेट, त्यावरचा जलदुर्ग आणि १७३७ साली मराठ्यांनी तो घेतल्याचा इतिहास आठवतो. दोन वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. त्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु वऱ्हाडातल्या अथवा मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यात, जेथे समुद्र कोणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, तेथे अर्नाळा हे नाव जर पोहोचले असेल तर ते किल्ल्यामुळे नव्हे, या लेखकाच्या आडनावामुळे पोहोचले. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. लेखनासाठी त्यांनी अर्नाळकर हे नाव लावले आणि महाराष्ट्राने ते मूळ नावाहून अधिक आपले मानले. ते आपल्या ज्ञातीचे होते की नव्हते, हा प्रश्न येथे कोणी विचारू नये, अशी आमची विनंती आहे. ज्याने गावाचे नाव मिरवले तो साऱ्या गावाचा झाला.

त्यांच्या लेखनाचा विस्तार ऐकून मन थक्क होते. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या, अशी नोंद गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात झालेली आहे. या आकड्याचा साधा हिशेब आपण करून पाहू. अठ्ठेचाळीस वर्षांत एक हजार ब्याण्णव पुस्तके म्हणजे वर्षास सुमारे तेवीस आणि सरासरीने दर सोळा दिवसांस एक. आपल्याकडे केळीचा घड धरण्यास जो काळ लागतो तेवढ्यात या गृहस्थाची डझनावर पुस्तके वाचकांच्या हाती पडत. आणि हे सर्व करणारा मनुष्य केवळ लेखणीवर जगत होता असेही नाही. मुंबईत त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. रात्री जागून त्यांची पुस्तके वाचणारांनी डोळे बिघडवावे आणि दिवसा त्यांच्याच दुकानी यावे, असा विनोद कोणास सुचला तर तो क्षम्य मानावा. १९९६ साली त्यांचे निधन झाले.

अर्नाळकर हे आकाशातून पडले नाहीत. मराठीत अद्भुताची आणि रहस्याची आवड त्यांच्याही पूर्वीची आहे. गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याच्या कथा आपल्या भूमीत आणल्या. तळघरे, गुप्त भुयारे, वेषांतरे आणि वारसाहक्काची भांडणे यांनी भरलेल्या ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ आदी कादंबऱ्या आपल्या पणजोबांच्या पिढीने दिव्याच्या उजेडात वाचल्या. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजे आपले नाथमाधव, यांची ‘वीरधवल’ ही कादंबरी १९१३ साली निघाली. शिकारीस गेले असता सिंहगडावरून पडून नाथमाधवांचे पाय अधू झाले होते. अंथरुणाला खिळलेल्या त्या मनुष्याने वाचकांना मात्र घोड्यावर बसवून रानोमाळ हिंडवले. या परंपरेतून अर्नाळकरांना तयार वाचक मिळाला, यात संशय नाही.

परंतु अर्नाळकरांनी एक मोठा पालट केला. दातारशास्त्र्यांची भुयारे त्यांनी सोडून दिली आणि रहस्य आपल्या ओळखीच्या मुंबईत आणले. चाळी, बंगले, गोद्या, मोटारी, दूरध्वनी, पोलिस चौक्या आणि समुद्रकिनारा यांत त्यांचे नायक वावरू लागले. धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू ही गुप्तहेरांची जोडी, पत्नी विजया आणि साथीदार नेताजी यांच्यासह संकटांत उडी घेणारा झुंजार, दुष्ट धनवंतांना लुटून दुबळ्यांच्या बाजूस उभा राहणारा काळापहाड, ही मंडळी घरोघरची झाली. या नायकांवर इंग्रजी रहस्यकथांचा ठसा होता, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. तथापि परक्या झाडाची फांदी आपल्या मातीत लावून तिला आपले पाणी घातले की तिची फळे आपल्या चवीची होतात, हे बागायतदारांच्या या सभेस आम्ही निराळे सांगावयास नको.

आता या कथा इतक्या लोकप्रिय का झाल्या, याचा विचार करू.

पहिले कारण भाषेचे. अर्नाळकरांचे वाक्य आखूड असते. एका वाक्यात एक गोष्ट घडते. संस्कृतप्रचुर शब्दांच्या राशी नाहीत, निसर्गवर्णनांची पाने नाहीत. चौथी-सातवीपर्यंत शिकून कामास लागलेल्या माणसास हरिभाऊ आपट्यांची थोर कादंबरी कदाचित जड गेली असती; झुंजारची कथा त्यास अडखळू देत नसे. आमच्या मते महाराष्ट्रात अक्षरओळख झालेल्या माणसांना सराईत वाचक करण्याचे जे कार्य झाले, त्यात रात्रशाळा आणि ग्रंथालये यांच्याबरोबर या पातळ पुस्तकांचाही वाटा मोठा आहे.

दुसरे कारण किमतीचे आणि आकाराचे. ही पुस्तके स्वस्त असत, हलकी असत आणि फिरत्या वाचनालयात किरकोळ भाड्याने मिळत. एक मनुष्य घेई आणि दहा वाचत. घरातील कर्ता पुरुष वाचून ठेवी, मग थोरला मुलगा, मग शेजारी. आणि दुपारची कामे उरकल्यावर माजघरात बसून बायकाही तेच पुस्तक वाचत. स्त्रियांच्या वाचनाचा इतिहास लिहिणारांनी या दुपारच्या वाचनाकडे दुर्लक्ष करू नये, असे आम्हांस वाटते.

तिसरे कारण आपल्या भागाशी अगदी निगडित आहे. ते म्हणजे आगगाडी. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी १८६७ साली सुटली. १९३६ मध्ये बोरिवलीपासून विरारपर्यंतच्या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. गिनेसच्या नोंदीप्रमाणे अर्नाळकरांच्या पुस्तकांचा आरंभही याच वर्षी होतो. हा निव्वळ योगायोग असला तरी सूचक आहे. विजेच्या गाडीमुळे नोकरीसाठी रोज मुंबईस जाऊन रात्री वाडीत परतणारा एक नवा वर्ग आपल्याकडे वाढला. तोवर पान, फुले, भाजी आणि केळी घेऊन जाणारा आपला मनुष्य आता हिशेबनीस, जोडारी, छापखान्यातील जुळारी म्हणूनही जाऊ लागला. जाण्यायेण्याचे दोन-तीन तास त्याने काढावे कसे? अशा प्रवासात थोरल्या ग्रंथापेक्षा एका बैठकीत संपणारी गोष्ट सोयीची. रहस्यकथेची लांबी आणि आपल्या प्रवासाची लांबी एकमेकींस चांगली जुळली.

आता आक्षेपांकडे वळू. कारण एका बाजूचीच वकिली करणे व्याख्यात्यास शोभत नाही. या कथा घाईने लिहिलेल्या असत, त्यांत पुनरुक्ती असे, नायक सदैव विजयी होई, पात्रांची मने खोलवर उकललेली नसत. हे आक्षेप खरे आहेत. दर सोळा दिवसांस पुस्तक लिहिणाऱ्या लेखकाकडून गंगाधर गाडगीळांच्या कथेतील मनोविश्लेषणाची अपेक्षा कोणी करू नये. परंतु दुसरा एक आक्षेप घेतला जातो, तो असा की या पुस्तकांनी मुले बिघडतात. तो आम्हांस मान्य नाही. अर्नाळकरांच्या कथेत गुन्हेगार शेवटी सापडतो, दुर्बळाचे रक्षण होते, दिलेला शब्द पाळला जातो. नायक कधी कायद्याच्या कक्षेबाहेर जातो, हे खरे. पण तो जातो तो कायदा जेथे पोहोचत नाही तेथे न्याय पोहोचवण्यासाठी. सावकाराच्या वहीत आणि जमिनीच्या कज्जात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या लोकांस काळापहाड प्रिय का झाला, हे समजण्यास मोठ्या टीकाशास्त्राची गरज नाही.

लोकप्रिय लेखकाच्या वाट्यास कधी उपेक्षेहूनही कठीण प्रसंग येतो. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या आरोपावरून खटला उभा राहिला. तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली तेथे काकोडकर निर्दोष ठरले. त्याच वर्षी त्यांच्या ‘निलांबरी’ या कादंबरीवर आधारलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी बोलपट देशभर गाजला. एका हाती आरोपपत्र आणि दुसऱ्या हाती लोकांचे प्रेम, अशी या लेखकांची स्थिती होती.

अर्नाळकरांनंतर ही पालखी इतरांनी उचलली. गोमंतकातून आलेल्या गुरुनाथ नाईकांनी बाराशेच्या घरात पुस्तके लिहिली. २०२१ मध्ये ते निवर्तले. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास असे नायक तरुणांच्या हाती दिले आणि पुढे ‘दुनियादारी’ लिहून महाविद्यालयीन जीवनाची कादंबरी लोकप्रिय केली. तिच्यावरचा चित्रपट २०१३ साली आला, तेव्हा लेखकाला जाऊन दहा वर्षे झाली होती. नारायण धारपांनी भयकथेस मराठीत स्वतंत्र दालन मिळवून दिले आणि त्यांचे ‘समर्थ’ हे पात्र अजूनही वाचकांच्या स्मरणात आहे. रत्नाकर मतकरींनी नाटक, बालरंगभूमी आणि गूढकथा या तिन्ही क्षेत्रांत मान मिळवला. म्हणजे जी वाट अर्नाळकरांनी मळवली तिच्यावरून पुढे बरेच जण चालले.

काळही थोडा बदलला आहे. २०२१ साली नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकर यांना मिळाले. ते जगन्मान्य शास्त्रज्ञ होते, तसेच विज्ञानकथाकारही होते. त्याच्या आधीच्या, म्हणजे जानेवारी २०२० मधील, उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्या वेळी साऱ्या वसई-विरारास आनंद झाला आणि तो योग्यच होता. परंतु त्याच भूमीचे नाव लावणाऱ्या अर्नाळकरांच्या वाट्यास ते पद कधी आले नाही. आम्ही याबद्दल कोणाकडे गाऱ्हाणे नेत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, मान देणे मोठ्या संस्थांच्या हाती असते. जपणूक करणे मात्र आपल्या हाती असते.

आणि येथेच आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. जी पुस्तके फार वाचली जातात ती फार लवकर नष्ट होतात. हा विरोधाभास नीट समजून घ्यावा. उत्तम बांधणीचा ग्रंथ कपाटात निवांत राहतो आणि शंभर वर्षे टिकतो. स्वस्त कागदावरचे पुस्तक दहा हातांतून जाते, त्याची पाने सुटतात, वेष्टन जाते आणि शेवटी ते वाण्याच्या पुडीस लागते. ग्रंथप्रदानाचा कायदा १९५४ साली झाला. त्यान्वये प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि आणखी ठरावीक ग्रंथालयांस पाठवणे आवश्यक झाले. परंतु हा कायदा होण्यापूर्वी अर्नाळकरांची अठरा वर्षांची ग्रंथसंपदा बाहेर पडलेली होती. पुढे राजहंस प्रकाशनाने त्यांच्या निवडक रहस्यकथा पुन्हा प्रसिद्ध केल्या, हे मोठे काम झाले. पण निवडक म्हणजे थोड्या. बाकीच्या शेकडो पुस्तकांची भिस्त घराघरांतील माळ्यांवर आणि आपल्यासारख्यांच्या जुन्या कपाटांवर आहे.

आणि आपले माळे तरी किती दिवस राहणार? आपणच पाहतो आहोत. वाड्या मोडून इमारती उभ्या राहत आहेत, बावखले बुजली, रहाट गेले, ओटी-पडवीची घरे पाडून त्या जागी सदनिका आल्या. नव्या सदनिकेस माळा नसतो. घर पाडण्याच्या आदल्या आठवड्यात तांब्यापितळेची भांडी मोडीत जातात आणि कागदाची पोती रद्दीवाल्याकडे. त्या पोत्यांत काय होते, हे कोणी पाहत नाही. दागिन्यांची डबी शोधताना आपण जो विवेक वापरतो त्याचा शतांश या पोत्यांसाठी वापरला तर पुष्कळ वाचेल.

म्हणून या सभेपुढे आम्ही चार सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली सूचना अशी की, कपाटे रिकामी करण्यास आमची हरकत नाही. परंतु रिकामी करण्यापूर्वी त्यांतील प्रत्येक पुस्तकाची यादी व्हावी. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, साल, किंमत आणि वेष्टनाचे वर्णन इतकी माहिती पुरे. ज्यांना सुटी आहे अशा चार विद्यार्थ्यांनी आठ दिवस बसले तरी हे काम होईल. स्पर्धापरीक्षेची पुस्तके येऊ द्यावी, पण एक फळी, केवळ एक फळी, या लेखकांसाठी राखून ठेवावी.

दुसरी सूचना कुटुंबांसाठी. आपापल्या घरी माळ्यावर, पेटीत, शिवणयंत्राच्या खणात जी जुनी रहस्यकथांची पुस्तके असतील ती काढून पाहावी. वेष्टन नसले, पहिले पान फाटलेले असले तरी टाकू नये. ठेवावयाची नसतील तर संघाच्या कार्यालयात आणून द्यावी. घर पुनर्बांधणीस जात असेल त्यांनी तर हे काम आधी करावे.

तिसरी सूचना कायद्याची, आणि तरुणांनी ती लक्षपूर्वक ऐकावी. हल्ली हाती दूरध्वनी असला की कोणीही पुस्तकाचे पान टिपून सर्वत्र पाठवू शकतो. लेखकाचा हक्क त्याच्या निधनानंतर साठ वर्षे राहतो. अर्नाळकर १९९६ साली गेले, म्हणून त्यांच्या लेखनावर २०५६ अखेरपर्यंत वारसांचा अथवा हक्कधारकांचा अधिकार आहे. जुनी प्रत जपणे आणि वाचावयास देणे यांस कोणाची आडकाठी नाही. नक्कल करून वाटण्यास मात्र परवानगी लागते. नाथमाधव १९२८ साली आणि दातारशास्त्री १९४१ साली गेले. त्यांची पुस्तके आता सर्वांसाठी मोकळी आहेत. ज्यांना हात बसवावयाचा असेल त्यांनी आरंभ तेथून करावा.

चौथी सूचना वडीलधाऱ्यांसाठी आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. पुस्तके मिळतील न मिळतील, पण ती वाचणारी माणसे अजून आपल्यांत आहेत. कोणत्या वाचनालयातून पुस्तक आणीत, भाडे किती पडे, गाडीत कोण वाचून दाखवी, घरात कोण रागवे आणि कोण गुपचूप वाची, या आठवणी ऐंशी-नव्वदीच्या मंडळींपाशी आहेत. नातवंडांनी आजीआजोबांपाशी बसून त्या लिहून घ्याव्या. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यांस चार पाने द्यावी, अशी संपादक मंडळास आमची विनंती आहे.

समारोप करताना एक गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटते. आपण आपल्या मुलांना वाचत नाहीत म्हणून दोष देतो. मुंबईचे दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले, पुढे घरोघर पडदा आला आणि आता तो प्रत्येकाच्या तळहातावर आहे. या ओघापुढे उपदेश टिकत नाही. वाचनाची गोडी उपदेशाने लागत नाही, ती पुढे काय झाले या उत्सुकतेने लागते. आपल्या आजोबांना ती तशीच लागली. झुंजार वाचूनच ते ‘गीतारहस्या’पर्यंत पोहोचले, असे आम्ही सरसकट म्हणणार नाही, काही पोहोचले, काही झुंजारपाशीच रमले. परंतु दोघेही वाचीत होते, आणि वाचणारा मनुष्य अर्ज स्वतः वाचतो, खरेदीखत स्वतः वाचतो, सही करण्यापूर्वी दोनदा विचार करतो. जमिनींचे भाव गगनास भिडलेल्या आपल्या तालुक्यात या सवयीचे मोल किती आहे, हे आपण जाणता.

ज्याने ही सवय हजारो घरांत नेली आणि आपल्या किनाऱ्यावरील एका गावाचे नाव तिच्यासोबत नेले, त्या लेखकासाठी आम्ही या सभेकडे एक फळी मागितली आहे. ती सभा देईल, असा विश्वास आम्ही बाळगतो.